एका पैशाची चूक

लहानपणी इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावात ज्वारी काढणीला आली की पीक कापणी प्रयोगासाठी सरकारी माणसे येत. आजोबांना वाटे, प्रयोग आमच्या विहिरीकाठच्या रानात व्हावा. तिथली कणसे भरघोस. पण साहेब तक्त्यातला आकडा पाहत आणि जो गट नंबर निघेल तिथेच दोरी लावत. मर्जीने निवडलेले रान गावाचा खरा उतारा सांगत नाही, हे त्यामागचे तत्त्व. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा १९४० च्या दशकात ही पद्धत देशात रुजवण्यात मोठा वाटा होता.

पुढे मी बारामतीत संगणकाच्या धंद्यात पडलो. उसाच्या बिलाचे तीन हप्ते पाडणारा प्रोग्रॅम मी रूबी भाषेत लिहिला. ही भाषा जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये जगापुढे आणली. प्रोग्रॅम तपासताना मी ३०००, ६०००, ९००० अशा रकमा घातल्या. सगळे चोख! नकळत मीही विहिरीकाठचेच रान निवडले होते.

यावरचा उपाय स्वीडनमध्ये निघाला होता. चाल्मर्स विद्यापीठातले कून क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी हॅस्केल भाषेसाठी ‘क्विकचेक’ हे साधन तयार केले आणि २००० मध्ये त्यावर निबंध मांडला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने फक्त नियम सांगायचा. उदाहरणे यंत्र निवडणार, एका दमात शंभर.

ही कल्पना मग भाषेभाषेत पसरली. रूबीत आधी ‘रशचेक’ आले, नंतर ‘रँटली’. रँटलीचा भर सुरुवातीला हवी तशी यादृच्छिक माहिती तयार करण्यावर होता. पण यंत्राने सापडवलेले चुकीचे उदाहरण बहुधा लांबलचक असते. त्यातून दोष शोधणे म्हणजे कडब्याच्या गंजीत सुई शोधणे. म्हणून उदाहरण लहान लहान करत नेण्याची युक्ती महत्त्वाची ठरली. रँटलीत ती मागाहून आली. २०१९ मधल्या ‘प्रॉपचेक’मध्ये ती अंगभूतच होती. २०२४ मध्ये जपानमधून ‘पीबीटी’ आले. त्यात अनेक तपासण्या एकाच वेळी चालवण्याचाही प्रयत्न झाला.

मी प्रॉपचेकला एवढाच नियम सांगितला : तिन्ही हप्त्यांची बेरीज मूळ रकमेइतकी यावी. क्षणात प्रोग्रॅम नापास! आधी मोठी रक्कम दिसली, ती आटत आटत उरला एक पैसा. एका पैशाला तिनाने भागले की रूबी पूर्णांकात शून्य देते. तीन हप्ते शून्य, पैसा गायब. उरलेली बाकी शेवटच्या हप्त्यात घालायला मी विसरलो होतो.

एका बिलात फार तर दोन पैशांचा फरक पडला असता. पण ज्याची वही जुळत नाही, त्याचा हिशेब आमच्याकडे शेतकरी मान्य करत नाही, आणि त्याचे बरोबरच असते.

आजोबा आज असते तर त्यांना सांगितले असते : साहेब दोरी लावत होते, ती जागा बरोबर होती.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)