दुरून चालणारें यंत्र

भीमाशंकराच्या डोंगरांतून पूर्वेकडे उतरलें म्हणजे आंबेगाव-जुन्नरचा सखल मुलूख लागतो. तेथें नारायणगावाजवळच्या खोडद गावीं व आसपासच्या शिवारांत ४५ मीटर व्यासाच्या ३० प्रचंड अँटेना आकाशांतील एकाच बिंदूकडे एकदम मान वळवितात. परंतु त्यांच्यापाशीं वळविणारा कोणी दिसत नाहीं. दूरचें यंत्र बसल्या जागेवरून चालविण्याची ही विद्या माणसाला साधली कशी?

दूरचें गणकयंत्र चालविण्याचा पहिला जाहीर प्रयोग ११ सप्टेंबर १९४० रोजीं अमेरिकेंत झाला. डार्टमथ कॉलेजांतील गणितज्ञांच्या सभेंत जॉर्ज स्टिबिट्झ यांनीं तारयंत्रावर गणित घातलें. न्यूयॉर्कमधील गणकयंत्रानें तें सोडविलें आणि उत्तर तारेनेंच परत आलें. पुढें २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकांत शिरण्याचा यत्न झाला. ‘लॉगिन’ या शब्दाचीं पहिलीं दोन इंग्रजी अक्षरें पोंचलीं, तोंच पलीकडचा संगणक बंद पडला! सुमारें तासाभरानें मात्र यश आलें. आजच्या इंटरनेटचा उगम त्याच जाळ्यांत आहे.

खोडदची रेडिओ-दुर्बीण प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेंतून, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आश्रयाखालीं, १९९० नंतरच्या दशकांत उभी राहिली. १४ अँटेना मध्यभागीं आणि १६ तीन लांब भुजांवर, अशी तिची रचना आहे. सर्वांत दूरच्या दोन अँटेनांत सुमारें २५ किलोमीटर अंतर पडतें. नियंत्रणकक्षांतून सुटलेली आज्ञा कांचेच्या तंतूंतून प्रकाशरूपानें प्रत्येक अँटेनापाशीं जाते. तेथील संगणक मोटारी फिरवितो आणि अँटेना कोठवर वळली तें उलट कळवितो. खरें मर्म या प्रत्युत्तरांत आहे. न दिसणाऱ्या यंत्राला हुकूम सोडणें सोपें असतें. तो पाळला गेला कीं नाहीं, हें कळल्यावांचून मात्र पुढचें पाऊल टाकतां येत नाहीं. सोसाट्याचा वारा सुटला म्हणजे अँटेना सुरक्षित स्थितींत उभ्या कराव्या लागतात. अशा वेळीं उत्तर न येणें हीच धोक्याची सूचना.

पण प्रत्युत्तराला वेळ लागूं लागला म्हणजे काय होतें? १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं युरोपचें ‘स्किआपारेली’ हें यान मंगळावर उतरत होतें. त्याचा अतिक्षीण संकेत खोडदच्या दुर्बिणीनें टिपला. मंगळाहून इकडे येण्यास त्या संकेताला सुमारें १० मिनिटें लागत होतीं. सबब चूक दिसली तरी वेळेवर ती सुधारणें कोणाच्याच हातीं नव्हतें. उतरण्याच्या नियोजित वेळेच्या थोडें आधीं तो स्वर थांबला. यान मंगळाच्या पृष्ठभागावर आदळलें होतें.

खोडदच्या शिवारांत माणसाचा हुकूम आणि यंत्राचें उत्तर यांत क्षणाचेंही अंतर जाणवत नाहीं. मंगळावर तेंच अंतर यानाच्या आयुष्याहून मोठें ठरलें. दूरच्या यंत्रावर माणसाचा अधिकार त्याचें उत्तर वेळेवर येतें तेवढ्यापुरताच चालतो. त्यापलीकडे यंत्राला स्वतःच्याच बुद्धीवर सोडावें लागतें, आणि म्हणून ती बुद्धि त्याला निघण्यापूर्वींच नीट शिकवून ठेवावी लागते.