ऑक्सेंडन बंधूंची समाधी, सुरत

गुजरातमधील सुरत शहरात, कतारगाम दरवाज्याजवळच्या जुन्या इंग्रज दफनभूमीत असलेली ही समाधी सतराव्या शतकातील असून, इंग्लंडच्या केंट परगण्यातील ऑक्सेंडन घराण्याचे ख्रिस्टफर व सर जॉर्ज हे सख्खे भाऊ तेथे चिरविश्रांती घेत आहेत. दोघेही ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत होते. ख्रिस्टफर १६५९ मध्ये व जॉर्ज १६६९ मध्ये निधन पावला.

जॉर्ज १६६२ पासून सुरतेच्या वखारीचा, म्हणजे कोठारे, कचेरी आणि निवास एकत्र असलेल्या व्यापारी ठाण्याचा, अध्यक्ष होता. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा शहराचा मोगल सुभेदार किल्ल्यात आश्रयाला गेला असताना जॉर्जने ही वखार शस्त्रबळावर राखली. १६६८ मध्ये मुंबई कंपनीकडे आल्यावर तिचाही कारभार त्याच्याकडे सोपविण्यात आला. रायगडावरील १६७४ च्या राज्याभिषेकास इंग्रजांचा वकील म्हणून उपस्थित राहिलेला हेन्री ऑक्सेंडन याच घराण्यातील होता.

एकोणिसाव्या शतकातील वर्णनांनुसार वास्तूची उंची सुमारे ४० फूट व व्यास २५ फूट असून, भरभक्कम स्तंभांवर एकावर एक असे दोन घुमट तोलले आहेत, आतून सज्जे फिरविले आहेत आणि तेथवर जाण्यास जिना आहे. विटा व चुना या स्थानिक साहित्यात घडलेल्या या रचनेचा आदर्श इंग्लंडमधील चर्चच्या आवारातील थडग्यांमध्ये नव्हे, तर मोगल अमीर-उमरावांच्या घुमटदार मकबऱ्यांमध्ये शोधावा लागतो. परक्या बंदरातील व्यापाऱ्यांनी आपला मान तेथील लोकांना उमजेल अशा वास्तुभाषेत मांडला, हेच तिचे खरे महत्त्व होय.

ख्रिस्टफरचा लॅटिन मृत्युलेख (थडग्यावरील स्मरणलेख) विशेष उल्लेखनीय आहे. त्याचे आयुष्य जमाखर्चाच्या परिभाषेत मांडताना लेखकाने त्याच्या खातेवहीत वर्षे नव्हे, केवळ दिवस जमा झाल्याचे म्हटले आहे, आणि धन्यांनी, सोबत्यांनी व स्वतः त्याने काय गमावले याचा हिशेब मांडून अखेरीस मृत्यू हाच त्याचा लाभ ठरविला आहे. व्यापारी माणसाचे दुःख त्याच्याच व्यवसायाच्या शब्दांत इतक्या नेमकेपणाने क्वचितच व्यक्त झाले असेल.

केरळातील वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथाचा कर्ता व डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड १६९१ मध्ये मरण पावल्यावर त्याच्यासाठी डच दफनभूमीत आणखी भव्य समाधी उभी राहिली. इंग्रजांच्या या वास्तूवर मात करण्याच्या ईर्षेने ती बांधली गेली, असे परंपरेने सांगितले जाते. सुरतेतील ही जुनी थडगी आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहेत.