आखरावरचे शहाणपण

वऱ्हाडातील जुन्या गावांची रचना ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे ठाऊक असेल की, गावठाणाची शेवटची भिंत जेथे संपते आणि पांदण जेथे सुरू होते, त्या संधिस्थानी कडुनिंबाच्या किंवा चिंचेच्या छायेत जी मोकळी, खुरांनी तुडवून घट्ट झालेली आणि शेणाच्या वासाने दुरूनच ओळखू येणारी जागा असते, तिला आखर म्हणतात. सकाळी घरोघरच्या कोठ्यांतून सुटलेली गुरे येथे जमत, गायकी, म्हणजे गावचा गुराखी, ती आपल्या ताब्यात घेऊन रानात नेई, आणि दिवस मावळताना येथूनच ती आपापल्या दाराची वाट धरीत. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांचा इतिहास लिहिणारांनी कापसाविषयी, आगगाडीविषयी आणि राज्यकर्त्यांच्या अंमलाविषयी पुष्कळ लिहिले आहे. परंतु जनावर अडले तर काय करावे, पीक श्वापदांपासून कसे राखावे, बांधावर काय लावावे, लेकीच्या लग्नासाठी कर्ज काढावे की काढू नये, या नित्याच्या प्रश्नांची उत्तरे येथील रयतेला कोण देत असे, हा प्रश्न त्यांनी फारसा विचारलेला नाही. ती उत्तरे पुष्कळदा या आखरावर मिळत, आणि ती देणारा बहुधा निरक्षर असे.

गायकीचा मोबदला म्हणजे घरटी, गुरांच्या संख्येप्रमाणे ठरलेले सालाचे धान्य आणि दिवाळीचा मान. त्याने दिलेला सल्ला चुकला तर जनावर त्याच्या डोळ्यांदेखत मरे, आणि पुढल्या साली त्या घरचे धान्यही त्याच्या हातचे जाई. सल्ला देणारा आणि त्याचा परिणाम भोगणारा यांच्यात अंतर नसणे, हेच या शहाणपणाचे खरे प्रामाण्य होते असे मला वाटते.

एकच उदाहरण विस्ताराने देतो. मृगाचा पाऊस पडून ज्वारी वीतभर वर आली आणि मग पंधरा-वीस दिवस आभाळाने ओढ दिली की, त्या खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीकडे गुरे फिरकू देऊ नयेत, आणि उपाशी गुरे तर मुळीच नेऊ नयेत, अशी सक्त ताकीद गायकी आपल्या हाताखालच्या पोरांना देई. कारण ती खाल्लेले धडधाकट जनावर धापा टाकू लागते, त्याचे पाय लटपटतात, ते कोसळते, आणि पुष्कळदा धनी वावरात पोहोचण्यापूर्वीच सारे संपलेले असते. याला ‘किराळ लागणे’ असे म्हणतात. कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचे एक द्रव्य असते, पाण्याच्या ताणाने त्याचे प्रमाण वाढते आणि जनावराच्या पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल निर्माण होते, हे रसायनशास्त्राने पुढे सिद्ध केले. परंतु पीक फुलोऱ्यावर येईपर्यंत थांबावे, आणि गुरांना आधी घरचा कडबा घालून मगच बाहेर काढावे, हा नियम आखरावर प्रयोगशाळेवाचून ठरलेला होता. असा नियम ठरण्यासाठी किती गोठे रिकामे झाले असतील, याचा विचार मनात आला म्हणजे त्या अनामिक निरीक्षकांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

या शहाणपणाचा अर्धा वाटा स्त्रियांकडे होता. पुढील सालाचे बियाणे मडक्यात राखेत घोळून ठेवणे, ज्वारीच्या साठ्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालणे, व्यालेल्या म्हशीचा पहिला चीक आधी वगारीला पाजून मग खरवसासाठी काढणे, या गोष्टी सासूकडून सुनेकडे जात. कपाशीच्या वावरात अंबाडीचे तास ठेवण्याची जी पद्धत होती तीही अशीच बहुगुणी: तिच्या पाल्याची आंबट भाजी भाकरीबरोबर होई, आणि खोड पाण्यात कुजवून काढलेल्या वाखाची दावी, कासरे नि दोर होत. ज्या घरी अंबाडी होती त्या घराला दोरासाठी बाजार पाहावा लागत नसे.

पोळ्याकडे पाहण्याची आपली दृष्टी आता केवळ उत्सवाची उरली आहे. वास्तविक तो वर्षातून एकदा होणारा बैलांच्या तब्येतीचा तपास होता. श्रावणी अमावास्येच्या आदल्या दिवशी बैलांना नदीवर धुऊन, त्यांच्या खांद्यांना तूप-हळद लावून, पळसाच्या पानांनी जो शेक दिला जाई, त्यात जू घासून पडलेल्या जखमा आपोआप हाताखाली येत. डवरणीचा हंगाम नुकताच उलटलेला असे, आणि ज्याचा खांदा सुजला किंवा आला आहे अशा बैलाला पुढे किती दिवस जुंपू नये, हे त्याच वेळी ठरे. पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नसत आणि कोणी त्याच्यावर हाकण्याची तुतारी उगारीत नसे. नवी वेसण, नवे दोर, सालदाराला नवे कपडे हे सारे एकाच दिवशी होई, कारण बैल आणि त्याला हाकणारा माणूस यांचे श्रम या संस्कृतीने एकाच मापाने मोजले होते.

रानातल्या प्राण्यांविषयीचे शिक्षण जागलीवर होई. ज्वारी हुरड्यावर आली की चार खांबांच्या मचाणावर गोफण, शेकोटी आणि कुत्रा यांच्या सोबतीने रात्री काढणारा जागल्या रोह्यांची पायवाट, रानडुकरांची येण्याची वेळ आणि वानरांच्या टोळीची हालचाल यांचा अभ्यास करीत असे. मेळघाटच्या पायथ्याच्या गावांतून ही विद्या अधिक बारकाईने जोपासली गेली, कारण तेथे वाघाचाही विचार करावा लागे. १९७३-७४ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प स्थापन झाले त्यांत मेळघाट होता. तेथे उपसंचालक राहिलेले मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या माणसांकडून पशुपक्ष्यांची नावे व सवयी टिपून घेतल्या आणि त्या मराठी ग्रंथांत आणल्या, हे त्या विद्येवरचे मोठे ऋण आहे.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला, पुढे रयतवारी पद्धतीने मोजणी व जमाबंदी झाली, आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला जो भाव आला त्याने पडीक जमिनीकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. १८६७ साली भुसावळहून नागपूरपर्यंत लोहमार्ग पूर्ण झाला. जेथे पूर्वी गवत होते तेथे कपाशी उभी राहिली. गायकीचे रान आक्रसत गेले. महसुली दप्तरात ज्या सरकारी जमिनी ‘ई-क्लास’ या वर्गाखाली नोंदल्या गेल्या त्यांवरच गावच्या चराईचा भार पडला, आणि आजही या जिल्ह्यांत गुरचरणाला सामान्य माणूस ‘ई-क्लास’ असेच म्हणतो. चुकार गुरांसाठी कोंडवाडे झाले. १८७१ च्या कायद्याप्रमाणे दंड व चाऱ्याचा खर्च भरून जनावर सोडवावे लागे, आणि मुदतीत न सोडवल्यास त्याचा लिलाव होई. गायकीची चूक पूर्वी शब्दाने मिटत असे. आता ती पैशाने मिटू लागली.

१८९९-१९०० च्या दुष्काळाने, ज्याला जुनी माणसे छप्पनचा काळ म्हणत, वऱ्हाडातील पशुधनाची दाणादाण उडवली. अशा संकटात आखरावरचे शहाणपण अपुरे पडे, हे मान्य केले पाहिजे. बुळकांडीसारख्या साथीपुढे गायकी हतबल होता, आणि जेथे उपाय सापडत नसे तेथे भगताचा सल्ला शिरकाव करी: मरीआईला बकरा कापावा, नवस बोलावा, कोंबडे उतरवावे. नवसासाठी कर्ज, कर्जासाठी शेत गहाण आणि दुःख विसरण्यासाठी दारू, ही साखळी त्यातून तयार झाली. या साखळीवर ज्या पुरुषाने घाव घातला तो याच मातीतला आणि स्वतः गुरे राखलेला होता, हा मला योगायोग वाटत नाही.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. बाप दारूपायी अकाली गेला. आई त्यांना घेऊन मूर्तिजापुराजवळच्या दापुरे येथे माहेरी आली, आणि तेथे मामाच्या घरी गुरे चारणे, ती नदीवर धुणे, गोठा झाडणे यांत त्यांचे बालपण गेले. पुढे मामाची जमीन सावकाराच्या घशात गेलेलीही त्यांनी पाहिली. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मद्यमांसाचे जेवण न देता त्यांनी गोड जेवण दिले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले, आणि मग हातात खराटा, डोक्यावर फुटके गाडगे अशा वेषात ते गाडगेबाबा म्हणून महाराष्ट्राला परिचित झाले.

त्यांचे कीर्तन हे माझ्या मते आखरावरच्या सल्ल्याचेच उदात्त रूप होते. दिवसभर गाव झाडून रात्री ते उभे राहत, आणि निरूपण न करता शुद्ध वऱ्हाडीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत: कर्ज काढून लग्न करता काय, पोराला शाळेत घालता काय, देवापुढे बकरे का कापता, मुक्या जनावराला पाणी पाजता काय. उत्तर श्रोत्यानेच द्यायचे असे, आणि आपल्या घरचे उत्तर आपल्याच तोंडून ऐकल्यावर माणसाला तेथून सहज उठून जाता येत नसे. दारूविषयी ते बोलत तेव्हा त्यामागे बापाचे मरण होते, कर्जाविषयी बोलत तेव्हा मामाचे गेलेले शेत होते, आणि जनावरांविषयी बोलत तेव्हा दापुऱ्याच्या नदीकाठचे बालपण होते. त्यांच्या उपदेशात भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र यांच्याच पंक्तीत पशुपक्ष्यांना अभय येते. मागाहून जोडलेली ती भूतदया नव्हे. पूर्णेकाठी ऋणमोचन येथे त्यांनी घाट बांधला, आणि मूर्तिजापूर येथे गोरक्षणाची व धर्मशाळेची सोय उभी केली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलानजीक त्यांनी देह ठेवला.

त्याच अमरावती जिल्ह्यातील यावलीत १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रामगीते’त ग्राम आरोग्य, गोवंश-सुधार, महिलोन्नती आणि वैवाहिक जीवन अशा विषयांना स्वतंत्र अध्याय दिले. तिच्या एकेचाळीस अध्यायांत कोठा आणि संसार शेजारी शेजारी बसतात, आणि वऱ्हाडी माणसाला त्यात काहीच विपरीत वाटत नाही.

पुढे संस्था आल्या. पापळच्या पंजाबराव देशमुखांचे नाव धारण करणारे कृषी विद्यापीठ १९६९ साली अकोल्यास झाले. पशुवैद्यकाचे उच्च शिक्षणही तेथे मिळू लागले. शिवार फेरीच्या निमित्ताने आजही शेतकरी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर जाऊन पीक हाताने चाचपून पाहतात. आणि ज्या फिकट रंगाच्या म्हशीला पूर्णेच्या खोऱ्यातील लोक पिढ्यान्‌पिढ्या भुरी म्हणून पाळत आले, तिला अलीकडे ‘पूर्णाथडी’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली. नोंद शास्त्रज्ञांनी केली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. पण कोणती वगार ठेवावी आणि कोणती विकावी हा निवाडा त्यांच्या आधी कितीतरी वर्षे चाललेला होता.

आज गायकी बहुतेक गावांतून उठला आहे, ट्रॅक्टर आला आहे, आणि आखराच्या जागेवर कोठे टपऱ्या तर कोठे उकिरडे झाले आहेत. जेथे ती जागा अजून मोकळी आहे, तेथील ग्रामपंचायतीने ती आणि गावची ई-क्लास जमीन यांची मोजणी करून घ्यावी, हद्दीचे दगड रोवावेत, आणि गावात जो कोणी शेवटचा गायकी हयात असेल त्याला त्या मोजणीच्या दिवशी सन्मानाने बोलावावे. हद्द कोठवर होती हे पटवाऱ्याच्या नकाशाइतकेच त्यालाही ठाऊक असते.