म्युच्युअल फंडांची करकार्यक्षमता

फंडाने मिळवलेल्या परताव्यापैकी किती भाग कर भरून झाल्यावर गुंतवणूकदाराच्या हाती उरतो, त्यावर फंडाची करकार्यक्षमता मोजतात. भविष्य निर्वाह निधीला कायद्याने करसवलतीचे कवच दिले आहे. साध्या फोलिओतल्या युनिटांना ते नसल्याने हा प्रश्न मुख्यतः तिथेच उभा राहतो.

भारतापुरता या विषयाचा पाया आयकर अधिनियम १९६१ मधील कलम १०(२३डी) ने घातला. सेबीकडे नोंदणी असलेल्या म्युच्युअल फंडाचे स्वतःचे उत्पन्न या कलमाने करमुक्त ठेवले. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर अधिनियमात कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व तेच राहिले. फंड व्यवस्थापकाने वर्षात कितीही वेळा शेअर फिरवले तरी युनिटधारकाकडे त्याचे करबिल येत नाही. नफा एनएव्हीत, म्हणजे युनिटच्या मूल्यात, मुरत राहतो आणि युनिटे विकली की मगच कर द्यावा लागतो. अमेरिकेत असे नाही. तिथले फंड आपला निव्वळ भांडवली नफा दरवर्षी धारकांना वाटून टाकतात, त्यामुळे एकही युनिट न विकलेल्या माणसालाही कर भरावा लागतो. म्हणून अमेरिकी पुस्तकांतले ‘कमी उलाढालीचा फंड निवडा’ हे सूत्र कराच्या कारणासाठी इथे जसेच्या तसे लागू पडत नाही. भारतात कराची किल्ली गुंतवणूकदाराच्याच हातात असते.

ती किल्ली सर्वाधिक वाया जाते ती लाभांशाच्या पर्यायात. लाभांश वितरण कर १ एप्रिल २०२० पासून रद्द झाला आणि लाभांशाची सगळी रक्कम धारकाच्या उत्पन्नात धरली जाऊ लागली. एक हिशेब पाहा. कोणी इक्विटी फंडाची १०,००० युनिटे ४० रुपयांनी घेतली, दोन वर्षांनी एनएव्ही ५० झाली आणि फंडाने युनिटमागे ३ रुपये वाटले. हाती ३०,००० रुपये आले, एनएव्ही ४७ च्या आसपास उतरली आणि ३० टक्के दराच्या करदात्याचे ९,००० रुपये करात गेले, उपकर वेगळा. याच माणसाने ग्रोथ पर्यायात राहून ६०० युनिटे विकली असती तर तेवढेच ३०,००० मिळाले असते. त्यात २४,००० त्याचे मूळ भांडवल आणि नफा फक्त ६,०००. त्यावर १२.५ टक्क्यांनी ७५० रुपये कर, आणि वार्षिक सवलतीची मर्यादा शिल्लक असेल तर तोही नाही. महिन्याकाठी घरखर्चाला पैसे हवेत म्हणून लाभांशाचा पर्याय घेणारे निवृत्त लोक आजही आहेत, आणि त्यांना हा फरक कोणी समजावून सांगत नाही याचे वाईट वाटते. सेबीने १ एप्रिल २०२१ पासून या पर्यायाचे नाव बदलून त्यात ‘भांडवल काढून घेणे’ हे शब्द आणले. वाटप होते ते आपल्याच पैशांचे, हे त्यातून निदान कळते.

देशांतर्गत शेअरमध्ये किमान ६५ टक्के रक्कम असलेला फंड कराच्या दृष्टीने इक्विटी फंड ठरतो. अशा फंडावरचा दीर्घकालीन नफा १ ऑक्टोबर २००४ ते ३१ मार्च २०१८ या काळात करमुक्त होता. त्यानंतर एक लाखावरील नफ्यावर १० टक्के कर आला, मात्र ३१ जानेवारी २०१८ पर्यंतची वाढ वाचवली गेली. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन दर १२.५ टक्के, अल्पकालीन २० टक्के आणि वार्षिक सूट सव्वा लाख झाली. दीर्घ म्हणजे बारा महिन्यांहून अधिक. एसआयपीत हा काळ प्रत्येक हप्त्यासाठी स्वतंत्र मोजतात आणि आधी घेतलेली युनिटे आधी विकली असे धरतात. ५ जानेवारी २०२४ पासून दरमहा हप्ता भरणाऱ्याने १० डिसेंबर २०२५ ला सगळे पैसे काढले, तर २०२४ चे बारा हप्ते दीर्घकालीन आणि २०२५ चे बारा अल्पकालीन ठरतात. ‘माझी एसआयपी तर दोन वर्षांची आहे’ हे आयकर विभागापुढे चालत नाही.

एका योजनेतून दुसरीत केलेला स्विचही विक्रीच असतो, मग तो त्याच योजनेच्या रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये का असेना. बँकेत एक पैसाही आला नाही तरी कर लागतो.

डेट फंडांची जुनी करशोभा आता उरलेली नाही. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या युनिटांवरचा नफा कितीही वर्षांनी काढला तरी अल्पकालीन धरला जातो आणि धारकाच्या टप्प्याप्रमाणे कर बसतो. तरी कर लांबणीवर पडण्याचा फायदा शिल्लक आहे. एक लाख रुपये ७ टक्क्यांनी दहा वर्षे ठेवले आणि कर ३० टक्के धरला, तर दरवर्षी व्याजावर कर भरावा लागणारी मुदतठेव कराअंती सुमारे १,६१,३०० रुपये देते. तोच परतावा देणाऱ्या, शेवटी एकदाच कर लागणाऱ्या फंडातून सुमारे १,६७,७०० मिळतात. आर्बिट्राज फंडांना इक्विटीचे दर लागू असल्याने वरच्या टप्प्यातले करदाते थोड्या काळासाठी तिकडे वळतात.

मार्च संपण्याआधी सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा मोकळा करून पुन्हा तीच युनिटे घेण्याची पद्धत रूढ आहे. त्याने खरेदी किंमत वर सरकते, पण नव्या युनिटांचे बारा महिने आणि एक्झिट लोड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. विवरणपत्र मुदतीत भरले असेल तरच उरलेला तोटा पुढे आठ वर्षे नेता येतो.

गोव्यात एक वेगळीच तरतूद आहे. पोर्तुगीज नागरी संहितेनुसार सामाईक मालमत्तेच्या बंधनात असलेल्या पती-पत्नींचे पगाराखेरीजचे उत्पन्न १९६१ च्या अधिनियमाच्या कलम ५ए ने दोघांत निम्मे-निम्मे विभागले. युनिटे एकाच्याच नावावर असली तरी नफा दोघांच्या विवरणपत्रांत जातो आणि सव्वा लाखाची सूट दोघांनाही मिळते.

अमेरिकेत करदाते झालेल्या मराठी माणसांसाठी मात्र चित्र उलटे होते. भारतातला फंड तिथे ‘पीएफआयसी’ या वर्गात मोडतो. वेगळा पर्याय निवडला नसेल तर विक्रीवेळी नफा धारणकाळातल्या सर्व वर्षांत विभागून आधीच्या वर्षांच्या वाट्याला त्या-त्या वर्षाचा कमाल दर लावतात, वर व्याजही घेतात. ठरावीक मर्यादेपुढे प्रत्येक योजनेसाठी फॉर्म ८६२१ दरवर्षी स्वतंत्र भरावा लागतो. पुण्यात असताना सुरू केलेली आणि तशीच चालू राहिलेली एसआयपी न्यू जर्सीत गेल्यावर याच नियमांच्या कक्षेत येते.