गावकीची खोली आणि आपलं होम लोन

रत्नागिरीतून बोलतोय. आधी एक गणित. ४० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं. हप्ता साधारण ३४,७०० रुपये, आणि शेवटपर्यंत बँकेला जातात ८३ लाखांच्या वर. माझ्या वयाच्या बहुतेकांच्या मोबाईलमध्ये हे कॅल्क्युलेटर उघडून झालेलं असतं. आज या गणिताच्या मागे जाऊया. कारण आपल्या जिल्ह्यातल्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी न परवडणाऱ्या घराचा प्रश्न स्वतःच्या पद्धतीने सोडवला होता. फुकट नाही सोडवला, ते पुढे येईलच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत बाहेरून आलेल्या लोकांत सगळ्यात मोठा गट आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा होता. (तेव्हा सिंधुदुर्गही यातच, तो १९८१ मध्ये वेगळा झाला.) बोटीने मुंबईला जायचं, गिरणीत चिकटायचं. पण राहायचं कुठे? भाडं एकट्याच्या पगारात बसत नव्हतं. मग वाडीने किंवा गावाने मिळून गिरणगावात एक खोली भाड्याने घ्यायची. हीच गावकीची खोली.

खोली केवढी, तर दहा बाय बारा किंवा त्याच्या आसपास. राहणारे वीस, तीस, कधी त्याहून जास्त. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, भिंतीवर एक खुंटी. भाडं वर्गणीतून. दिवसपाळीवाला उठून गेला की रातपाळीवाला त्याच जागेवर आडवा. उरलेले गॅलरीत, जिन्यात, फूटपाथवर. जेवण खानावळीत, शेजारच्याच चाळीत एखादी बाई दहा-वीस जणांचे डबे करायची. गावातून नवा पोरगा आला की त्याला नोकरी लागेपर्यंत जागा मिळायची, वर्गणी नंतर. डिपॉझिट नाही, ब्रोकर नाही. तुम्ही त्या गावचे आहात, एवढीच पात्रता.

आता किंमत. या खोलीत बायको आणता यायची नाही. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका होत्या सुमारे सव्वापाचशे. बाकीच्या कुठे होत्या? बऱ्याच जणी इथे, कोकणात. भातशेती लावत, म्हाताऱ्यांना सांभाळत, पोस्टमनची वाट बघत. नवरा वर्षातून एकदा-दोनदा भेटणार, शिमग्याला नाहीतर गणपतीला. मुंबईतल्या घराची किंमत त्या बायकांनी भरली, आणि त्यांचं नाव कुठल्याच भाडेपावतीवर नाही. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सगळ्यात जास्त टोचते.

सरकारने काही केलं नाही असं नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. मग गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात, १९२० मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच आपलं बीडीडी. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर लावून ५०,००० खोल्या बांधायच्या असं ठरलं. झाल्या साधारण १६,०००: वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी. गंमत ऐका. बांधकामाचा खर्च वाढला, म्हणून भाडं वाढलं, आणि ज्या कामगारांसाठी बांधल्या त्यांनाच त्या परवडेनात. एकीकडे एका खोलीत तीस माणसं, दुसरीकडे वरळीत सरकारी खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या! १९३० च्या सत्याग्रहात तिथल्या काही चाळी चक्क तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या. रिकामे फ्लॅट आणि बेघर माणसं एकाच शहरात, हे आजचं वाटतं ना? जुनंच आहे.

पुढे १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा. भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. ज्याच्याकडे खोली होती तो तरला. पण भाड्यासाठी नवी चाळ बांधायला मालकाला काही कारणच उरलं नाही, आणि जुन्या खोलीसाठी पागडी सुरू झाली. म्हणून ‘ओनरशिप’ हा शब्द आला. त्याचा कायदा १९६३ चा. आणि पगारदार माणसाला हप्त्यावर घर देणारी एचडीएफसी निघाली १९७७ मध्ये. म्हणजे बघा, नोकरी लागली, कर्ज काढलं, स्वतःच्या नावावर पहिलं घर घेतलं, ही जी आपल्याला जगरहाटी वाटते, ती जेमतेम दोन पिढ्यांची आहे.

गिरणी कामगाराला तर ती गाठताच आली नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. गिरण्या गेल्या, जमिनींवर टॉवर आले. त्यातून कामगारांना घरं मिळाली ती म्हाडाच्या लॉटरीने: २०१२ मध्ये ६,९२५, मग २०१६ मध्ये, २०२० मध्ये अजून काही हजार. अर्ज दीड लाखाच्या घरात. २२५ चौरस फुटांचं घर साडेसात लाखांना, नंतर साडेनऊ लाखांना. बाजाराच्या मानाने स्वस्तच, पण सत्तरीत, गावी परतलेल्या माणसाला साडेनऊ लाख कोण देणार?

‘मग गावात घर आहे ना?’ हा ठरलेला प्रश्न. आहे की. माझंही आहे, आजोबांच्या मनीऑर्डरींवर उभं राहिलेलं चिरेबंदी. पण सातबारा सामायिक आणि त्यावर चुलत, आते, मयत मिळून एवढी नावं की वाचताना दम लागतो. बँक त्यावर होम लोन देत नाही. म्हणून घर असलेला मुलगा शहरात फ्लॅट बघत फिरतो.

आमच्या वाडीची खोली अजून आहे, लालबागला. चाळीचं रिडेव्हलपमेंट निघालंय. अशा जुन्या उपकरप्राप्त चाळीत भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं घर मालकीने मिळतं. पण भाडेपावतीवर नाव एकाचंच असतं, कारण खोली घेताना कुणाचं तरी लिहावं लागलं होतं. वर्गणी सत्तर वर्षं सगळ्यांनी भरली, वहीत नोंदी आहेत. पावतीवरच्या माणसाचे नातू म्हणतात, कायद्याने आमचं. वाडी म्हणते, गावकीचं. दोन्ही बाजूंना पहिलं घर न परवडणारी पोरं आहेत, माझ्यासकट. बैठक शिमग्याला, देवळात. वही घेऊन जायचं काम माझ्याकडे आहे.