मराठवाड्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण
निजामाच्या हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद (विद्यमान छत्रपती संभाजीनगर), बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद (विद्यमान धाराशिव) हे पाच मराठीभाषक जिल्हे महाराष्ट्रात सामील होण्याची प्रक्रिया (१९४८–६०). संस्थानात राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू असल्याने मराठीस गौण स्थान होते. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने निजामाची सत्ता संपली. तरी मराठी, तेलुगू व कन्नड प्रदेश एकाच राज्यात राहिले. स्वामी रामानंद तीर्थ यांनी त्याच्या भाषावार विभाजनाचा आग्रह धरला. तथापि मोठ्या राज्यात मागास प्रदेशाची उपेक्षा होईल, ही भीतीही होती. म्हणून २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात निधी देण्याचे व मराठवाड्याच्या विकासाकडे विशेष लक्ष पुरविण्याचे ठरले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला. औरंगाबादेस १९५८ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचे कामकाज मात्र १९८१ मध्ये सुरू झाले. ‘बिनशर्त विलीनीकरण’ हे वर्णन रूढ आहे; परंतु भाषेने जे ऐक्य इष्ट ठरविले, ते करारातील हमीमुळे स्वीकारार्ह झाले. प्रादेशिक असमतोलाचा पुढील वाद मुख्यतः या हमीच्या पूर्ततेविषयीचा आहे.