शि. सा. न. वि. वि.

कोकणातल्या तोंडवली गावच्या आमच्या घरी माजघराच्या दारामागे एक तार टांगलेली असायची. जाड लोखंडी तार, खाली लाकडाची चकती, वर वाकवलेला आकडा. मुंबईहून आलेलं पत्र वाचून झालं की ते त्या तारेत खुपसायचं. सगळ्यांत खाली सगळ्यांत जुनं. गेल्या मे महिन्यात ती तार उतरवली, तेव्हा तळाची कार्डं खाऱ्या दमट हवेनं एकमेकांना चिकटून बसली होती आणि मधल्या काहींवर वाळवीनं आपली वळणदार लिपी काढून ठेवली होती. तरी बहुतेक कार्डांची पहिली ओळ शाबूत होती, आणि ती सगळीकडे एकच होती: ‘तीर्थरूप बाबांचे सेवेसी, शि. सा. न. वि. वि.’

भाचा म्हणाला, “हा कसला कोड?”

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. डोकं टेकून, आठही अंगं जमिनीला लावून घातलेला नमस्कार, मग विनंती, आणि मग ‘विशेष’, म्हणजे आता जे सांगायचं ते. लालबागच्या एका खोलीत आठ-दहा जणांबरोबर राहणारा, पाळीवरून नुकताच आलेला गिरणी कामगार पाच अक्षरांत लोटांगण घालून मोकळा होई. भाच्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, “मग डायरेक्ट विशेषच का नाही लिहायचं?”

प्रश्न वाजवी आहे, आणि त्याचं उत्तर द्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

पत्राच्या या डोक्याला मराठीत मायना म्हणतात. शब्द मुळात अरबी, त्याचा अर्थच ‘अर्थ’. हिंदी-उर्दूतलं ‘मायने’ ते हेच. पत्राच्या ज्या भागात वरवर पाहता अर्थ काहीच नसतो, नेमक्या त्याच भागाला आपण हे नाव देऊन ठेवलं. खरा अर्थ ज्यात असतो तो मजकूर. तोही अरबी, ‘उल्लेखिलेलं’. कागद ज्यात घालायचा तो लिफाफा अरबी. शेवटच्या ‘मोर्तब सूद’मधला मोर्तब अरबी आणि सूद, म्हणजे ‘झालं’, फारसी. नमस्कार आणि आशीर्वाद तेवढे संस्कृत राहिले.

पद्धत मात्र या शब्दांपेक्षा जुनी. देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, तेराव्या शतकातला. त्याच्या नावावर ‘मेस्तक’ नावाचं एक प्रकरण सांगतात. त्यात कोणाला कसं लिहावं याचे नियम आहेत: राजाला कोणती बिरुदं, गुरूला कोणती, बरोबरीच्याला कोणती. संस्कृतात तर ‘श्री’ किती वेळा लिहायचा याचाही हिशेब होता. ‘पत्रकौमुदी’तला म्हणून एक श्लोक सांगतात, त्याप्रमाणे गुरूला सहा श्री, धन्याला पाच, शत्रूला चार, मित्राला तीन, चाकराला दोन, आणि मुलाला व बायकोला एकेक. शत्रूला मित्रापेक्षा एक श्री जास्त! ज्यानं हा हिशेब मांडला त्याला माणसं चांगली कळलेली असणार. मित्र एखादा श्री गाळला तर रागावत नाही. शत्रू मोजून बघतो.

मराठेशाहीत मायना म्हणजे राजकारणच होतं. ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’ कोणाला आणि नुसतं ‘राजश्री’ कोणाला, हे चिटणिसाला झोपेत विचारलं तरी सांगता यायला हवं. आमच्या किनाऱ्यावरचं उदाहरण द्यायचं तर कान्होजी आंग्र्यांना ‘वजारतमाब’ लिहायचं आणि पुढे ‘सरखेल’. त्यातलं एखादं अक्षर कमी पडलं तर मजकूर वाचला जाण्याआधीच उत्तर ठरायचं. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची एक दंतकथा आहे: महाराजांनी सांगितलेलं पत्र लिहायचं राहून गेलं होतं, महाराजांनी वाचायला सांगितलं, आणि बाळाजींनी कोरा कागद समोर धरून अख्खं पत्र घडाघडा म्हणून दाखवलं. कथा खरी असो-नसो, ती रचणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक होती. मायना पाठ असला की निम्मं पत्र कोऱ्या कागदावरूनही वाचता येतं.

म्हणजे भाचा म्हणतो तसं ते ओझंच होतं का? मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मग पेशवाईतली पत्रं वाचताना एक साधी गोष्ट ध्यानात आली. त्या पत्रांत नमस्कारानंतर ठरलेलं वाक्य येतं: येथील क्षेम तागायत छ अमुक, मुक्काम तमुक, जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे. ‘छ’ म्हणजे हिजरी चांद्र महिन्याची तारीख. ‘तागायत’ म्हणजे ‘इथपर्यंत’; आपल्या ‘आजतागायत’मध्ये तो अजून जिवंत आहे. जासूद वाटेत दहा दिवस घेणार की महिना, हे कोणालाच माहीत नसायचं. म्हणून लिहिणारा सांगायचा की या तारखेपर्यंत, या मुक्कामी, मी जिवंत आणि बरा आहे. पुढचं देव जाणे. तारीख, ठिकाण आणि खुशाली, तिन्ही एका शिष्टाचाराच्या वाक्यात. इतिहासाचे अभ्यासक आज पुष्कळ पत्रांचा काळ लावताना या मायन्याचाही आधार घेतात. ज्याला आपण अडगळ म्हणतो तीत किल्ल्या ठेवलेल्या होत्या.

तळाचंही तसंच. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी एक छोटी मुद्रा असते: ‘मर्यादेयं विराजते’. इथे मर्यादा शोभते आहे. पेशव्यांच्या पत्रांवर ‘लेखनसीमा’. दिसायला हा अलंकार, पण काम पहारेकऱ्याचं. शिक्क्याखाली कोणी दोन ओळी घुसडल्या तर त्या पत्रातल्या नाहीत. त्या आधी ‘बहुत काय लिहिणे’ असायचं. पानभर बिरुदं लिहून झाल्यावर ‘बहुत काय लिहिणे’ म्हणायला काळीज लागतं, हे मात्र मान्य.

मग 1 जुलै 1879 ला हिंदुस्थानात पोस्टकार्ड आलं. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. चार बोटं जागेत साष्टांग नमस्कार मावणार कसा? मायना आखडायची सवय दप्तरांतही होती, कार्डानं ती घराघरात नेली. वडीलधाऱ्यांना सा. न. वि. वि., बरोबरीच्याला स. न. वि. वि., सप्रेम नमस्कार. धाकट्याला अ. उ. आ., अनेक उत्तम आशीर्वाद. आईवडिलांना ती., पण चुलत्या-मामांना ती. स्व., कारण ते तीर्थरूप नव्हेत, तीर्थस्वरूप. एवढा बारकावा एका ‘स्व’त. विधवेला गं. भा., परक्या गृहस्थाला रा. रा. शाळेत या अक्षरांना गुण असत आणि ती चुकली तर पुढचं पत्र कितीही चांगलं असलं तरी मास्तर आधी तिथे लाल रेघ मारत.

तोंडवलीत पत्र एकट्यानं वाचायची गोष्ट नव्हतीच. पोस्टमन किंवा शाळेत जाणारं पोर ओटीवर बसून मोठ्यानं वाचायचं आणि घरातलं, शेजारचं सगळं माणूस ऐकायचं. म्हणून कार्डाच्या शेवटच्या तीन ओळी नावांच्या असत: आईस सा. न., मोठ्या काकीस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. त्यात एखादं नाव सुटलं की संपलं. आमच्या एका आजीनं तेवढ्यावरून दोन महिने शेजारच्या खळ्यात पाय ठेवला नव्हता. “माका नमस्कार नाय लिवल्यान?” एवढंच ती म्हणायची. मनीऑर्डरीच्या चिठोऱ्यावर पैशांबरोबर दोन ओळींची जागा मिळे, तिथेही चाकरमानी आधी नमस्कार लिहायचा आणि मग ‘बैलाचे बघावे’.

या सगळ्यात मला सर्वांत थोर वाटतो तो न लिहिलेला मायना. घरात मृत्यू झाला तर त्या पत्रावर वर श्री नसायचा, नमस्कार नसायचा, आणि कार्डाचा एक कोपरा फाडलेला असायचा. पोस्टमन ते कार्ड हाक मारून देत नसे. जवळ येऊन, घरातल्या एखाद्या कर्त्या माणसाला बाजूला घेऊन देई. एक अक्षरही न वाचता बातमी कळलेली असे. वाचून झालं की ते कार्ड फाडून टाकत, घरात ठेवत नसत. आमच्या तारेत म्हणूनच फाटक्या कोपऱ्याचं एकही कार्ड नाही. त्या तारेवरून पाहिलं तर आमच्या घरात कोणी कधी गेलेलंच नाही. श्री गाळला की एवढं बोलता येतं, ते एरवी तो प्रत्येक वेळी लिहिला जायचा म्हणून.

तारेनं, म्हणजे टेलिग्रामनं, मायना छाटलाच. 1855 मध्ये ती इथल्या सर्वसामान्यांना खुली झाली आणि शब्दागणिक पैसे पडू लागल्यावर साष्टांग नमस्कार कोण घालतो? 2013 च्या जुलैत ती बंद पडली, तोवर खेड्यात तार म्हणजे वाईटच बातमी, उघडण्याआधी रडायला सुरुवात.

पुढे ई-मेल आली. जागा फुकट झाली, आणि ज्या काटकसरीनं मायना पाच अक्षरांवर आला होता ती एका रात्रीत गेली. इंटरनेट वापरणाऱ्यांसाठी शिष्टाचाराचं एक टाचण 1995 च्या ऑक्टोबरात अमेरिकेत निघालं. इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी ते संपादित केलं. त्यात सांगितलंय की सहीखालचा मजकूर चार ओळींच्या वर नको, आणि उत्तर देताना समोरच्याचं अख्खं पत्र परत चिकटवू नका, संदर्भापुरतं ठेवा. त्या टाचणाचा क्रमांक 1855. तारेचं साल आणि हा क्रमांक जुळला हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो. ते किती जणांनी वाचलं, हे आपापल्या पेटीत बघावं: वर ‘मान्य’ एवढा एक शब्द, खाली आधीच्या अकरा पत्रांची शेपटी, आणि प्रत्येकाच्या सहीखाली हुद्दा, दोन फोन नंबर आणि झाडं वाचवण्याचं आवाहन. इथे लेखनसीमा नाही.

आणि आता गावाचा व्हॉट्सॲप गट. तोंडवलीतले, मुंबईतले, आखातातले सगळे त्यात. पहाटे पाचपासून गुलाबाची फुलं, उगवते सूर्य, गणपती. 2018 च्या सुरुवातीला बातम्या आल्या होत्या की भारतातले फोन या सुप्रभात-चित्रांनी भरून अडतात, हे गूगलच्या लोकांच्याही ध्यानात आलं. त्याच वर्षी व्हॉट्सॲपनं पुढे ढकललेल्या निरोपावर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का सुरू केला. हा आजचा मोर्तब, फक्त उलटा. जुना सांगायचा, मजकूर इथे संपला. हा सांगतो, मजकूर याचा नव्हेच.

माझी आत्या गेली ती बातमी मला या गटातून कळली. म्हणजे कळली नाही. सकाळी पावणेसहाला कोणीतरी टाकली होती. तिच्यावर सात सुप्रभातं होती, खाली कोणाचं तरी अंगठ्याचं चित्र आणि एक ‘अभिनंदन’. ते वरच्या कोणाच्या तरी दहावीच्या निकालाला होतं. मी ती साडेदहाला वाचली. फाटका कोपरा नव्हता. रोजचा श्री इतका फुकट झाला होता की तो गाळून काही सांगायची सोयच उरली नव्हती.

भाच्याच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे. मायना लांब होता म्हणून अडगळ नव्हता आणि सुप्रभात आखूड आहे म्हणून सुटसुटीत नाही. त्या ओळीनं एखादं काम केलं का, एवढंच पाहायचं. ‘इथपर्यंत खुशाल’ या दोन शब्दांनी काम केलं होतं.

पुष्कळ माणसांत बोलायचं कसं, हे आमच्या किनाऱ्याला ठाऊक नव्हतं असंही नाही. देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा एकच माणूस बोलतो. ‘बा देवा म्हाराजा’ अशी सुरुवात, मग एकेका देवाचं नाव घेऊन मान देणं. हा तोंडी मायनाच, आणि चांगला ऐसपैस. मग काय हवं, काय चुकलं, कोणाला सांभाळायचं. प्रत्येक मागण्यानंतर जमलेली सगळी माणसं एकदम म्हणतात, “व्हय म्हाराजा!” आधीचं गाऱ्हाणं कोणी पुन्हा म्हणत नाही. आपलं नाव-गाव कोणी जोडत नाही. शंभर जणांचं अनुमोदन दोन शब्दांत आणि एका दमात.

तुमच्या गावच्या घरी अशी पत्रांची तार टांगलेली असेल, तर ती कापून पत्रं मोकळी करू नका. टपालाचे शिक्के बहुधा पुसलेले असतात, पुष्कळ कार्डांवर तारीख नुसती ‘मंगळवार’ असते, आणि तारेतला क्रम हाच त्यांचा काळ. एकेक कार्ड वरून काढत पाठीमागे पेन्सिलीनं आकडा टाका, मग सुटी करा. हे काम पाऊस सुरू व्हायच्या आत करा.